जाते नव्हे, येते

रविवार, १९ जानेवारी. मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात केनियातल्या ग्रेसचा व्हिडिओ कॉल आला. समतेसाठी काम करणाऱ्या आम्हा देशोदेशीच्या बायकांचं प्रशिक्षण संपून बरीच वर्षं झाली, गट मात्र मोडला नाही. निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणायचं, हे तिथे मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

ग्रेसच्या मागे बाजारातल्या बायका नव्या शौचालयापुढे नाचत होत्या. मी ओरडले, “अगं, मिळालं?”

“मिळालं, ताई! शौचालय मागायला गेले, तर इथल्या साहेबानं हाकललं. तेव्हा मी तुझं ‘येते’ म्हटलं. त्याला वाटलं, शिवी दिली! मग खरंच परत गेले, अख्खा बाजार घेऊन.”

हसताना माझी निवडलेली मेथी देठांत मिसळली. आपण सवयीनं म्हणतो तो शब्द कुणीतरी तिकडे शब्दशः पाळला होता. अशी माणसं आयुष्यभर धरून ठेवावीत.

“तुमच्या मंडईतल्या शौचालयाचं कुलूप निघालं का?” ग्रेसनं विचारलं.

“नाही.”

“मग मेथी काय निवडतेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्यांना घेऊन मी नगरपालिकेत गेले. साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही त्यांच्या दारातच मटार सोलत बसलो. पाटी भरायच्या आत साहेब स्वतः किल्ली घेऊन बाहेर आले.