बाटली हलवायची नाही

उंब्रजचा नागसेन सांगलीतल्या एका महाविद्यालयात रसायनाच्या प्रयोगशाळेचा परिचर म्हणून लागला, तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. पुढची बावीस वर्षं त्याने काच धुतली. धुतलेली नळी तो खिडकीकडे धरायचा. पाणी काचेवर एकसंध पसरलं तर ठीक, थेंब थेंब तुटलं की पुन्हा धुवायची. ती काच म्हणजे त्याची अब्रू. खोड एकच, स्वस्थ बसवत नसे. विंगेत उभ्या नवख्या नटासारखे त्याचे हात सतत काहीतरी चाचपत.

सत्त्याण्णव साली वाईची क्षमा तिथे संशोधनाला आली. ती पेप्टाइडं बनवायची, म्हणजे अमिनो आम्लांचे दोन-तीन मणी ओवलेल्या इवल्या माळा.

"काका, पाणी हळूहळू आंबट होत गेलं ना, की या माळा एकमेकींना धरतात," ती म्हणाली. "केसाहून हजारो पट बारीक धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं, आणि सगळं पाणी त्यात अडकतं. बाटली उपडी केली तरी सांडत नाही."

"आन् त्यास्नी जागंवर उभं कोण करतं?"

"कुणीच नाही. आपल्या आपण राहतात."

दिग्दर्शकाशिवाय उभं राहणारं नाटक! नागसेन खुळावलाच.

नागपंचमीच्या दोन दिवसांच्या सुटीत क्षमाला ते पहिल्यांदा जमलं. त्यानंतर पाच वेळा फसलं. काचेच्या झाकणाखाली, आम्लाच्या वाफेत ठेवलेल्या बाटल्यांत घट्ट गोळ्याऐवजी तळाला नुसता चोथा. त्यात शुक्रवारी पुण्याहून प्राध्यापक मंडळी हा प्रयोग पाहायला येणार होती. क्षमाचे मार्गदर्शक चिंतामण सर भडकले.

"नागसेन, पंचमीला तू शिराळ्याला लेकीकडे होतास, तेव्हा जमलं. तू आलास आणि बिघडलं. काच नीट धुतली जात नाही. या खेपेला फसलं तर भांडारात जाऊन पोती मोज."

"आवं सर, ती काचबी मीच धुऊन ठिवून गेलतो!"

सर निघून गेले. नागसेन दारापर्यंत जाई, परत येई. काच तीच, पाणी तेच, पोरगी तीच. मग त्या दोन दिवसांत काय नव्हतं? विचार करता करता सवयीने त्याचा हात झाकणाकडे गेला, जमलं का बघायला बाटली तिरपी करावी म्हणून. आणि तो जागीच थिजला.

दर अर्ध्या तासाने तो हेच करत होता. घरी विरजणाच्या भांड्याला हात लावला की बायको, रंगुबाई, फणकारायची. इथे फणकारायला कोणी नव्हतं. एकमेकींचा हात धरू पाहणाऱ्या माळा तो पुन्हा पुन्हा विस्कटत होता. पंचमीला तो नव्हता, म्हणून जमलं होतं.

आता गप्प राहिलं, हात आवरला, तर भागणार होतं. कुणाला कळलंही नसतं. पण मग क्षमाताई कागदावर लिहिणार काय? उद्या दुसरा कोणी बाटली हलवेल, आणि ती पुन्हा फसलं म्हणून रडत बसेल. तो सर आणि क्षमा, दोघांसमोर जाऊन उभा राहिला.

"काच सोच्छ हुती, सर. हात माजं वाईट. मी बाटल्या हलवीत हुतो."

क्षमाने नव्या बाटल्या मांडल्या, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. ते दोन दिवस नागसेनने धुतलेल्या नळ्याच पुन्हा धुतल्या, आणि दारावरून किती फेऱ्या घातल्या याचा हिशेबच नाही.

शुक्रवारी सकाळी, पुण्याची मंडळी यायच्या आधी, क्षमाने दार उघडून बाटली उपडी केली. पाणी वरच थांबलं. दुसरी, तिसरीही तशीच. चौथी तेवढी ओघळली. क्षमाने वहीत लिहिलं, "चाळीस तास अजिबात हलवू नये."

नागसेन दाराशीच उभा होता. "सर, मी भांडारात कवापासनं जाऊ?"

"आणि पुढच्या खेपेची काच कोण धुणार? मी?"

नागसेनने डोळे पुसले. "मग सर, येवडं कुलूप तरी नवं आणा. ह्येला मी दोन येळा हिसका दिलाय."