नाव घातलेलं घंगाळ

पुण्याचं भाडं हातचं गेलं त्या दिवशी माझं टाळकं असं फिरलं होतं की, परत गंगम्माअक्काच्या दारात टेम्पो लावायचा न्हाय असं म्या मनाशी पक्कं केलं होतं. आता त्याच अक्काचं कौतुक मी गावभर सांगत सुटतो, तर बायको तोंडाला पदर लावून हसती. हसू द्या.

मी ज्ञानोबा. जळकोटात छोटा टेम्पो चालवतो. हायवेला लागून अक्काचं पत्र्याचं शेड हाय. 'जुन्या वस्तू मिळतील' एवढीच पाटी. आत सागवानी दारं, कड्यांचे झोपाळे, समया, हंडे, तांब्याचे बंब, सगळं एकमेकाच्या उरावर बसलेलं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारी मोठ्या गाड्यांची माणसं थांबत्यात आन् ही अडगळ हौसेनं घेऊन जात्यात. कुणी जात्याचं टेबल करतंय, कुणी हंड्यात झाड लावतंय. मला पहिल्यांदा लई हसू यायचं. अक्का म्हणायची, "हस तू. भट्टीत वितळून नळाची तोटी व्हण्यापरीस झाड लावलेलं बरं."

भट्टीचं ती उगीच म्हणत न्हवती. तिचा नवरा भंगाराचा धंदा करायचा. गावोगावचं तांबं-पितळ वजनावर घ्यायचं आन् वितळायला धाडायचं. तो अचानक गेला, तवा अक्का पस्तिशीची होती. शिक्षण चौथी, तेबी कानडीत. सासरच्यांनी सांगितलं, शेड इकून टाक. तिनं शेड ठेवलं आन् भट्टीला माल धाडायचं बंद केलं. आज साठी उलटली, पण बाई दारावर नख मारून सांगती, सागवान हाय का बाभूळ. समई उलटी करून सांगती, रोज देवापुढं जळली का नुसती कपाटात उभी होती. पुण्याचे शिकलेले लोक मोबाइलमध्ये फोटो हुडकत बसत्यात, तवर हिनं वस्तूची कुंडली मांडलेली आसती.

आन् तिची एक खोड. कुणाच्याबी घरातलं सामान उचलायच्या आधी ती ओट्यावर बसणार, पाणी पिणार आन् इचारणार, "लेकीला इचारलं का?"

गडीमाणसांना याचा लई राग येतो. घर आमचं, सामान आमचं, लेक गेली तिच्या घरी, तिला काय इचारायचं? पण अक्का हलत न्हाय. लेकीला फोन लावायला लावती, लेक 'न्या' म्हणली तरच माल गाडीत. धंदा नवा होता तवा एका घरातला पाळणा तिनं असाच आणला आन् इकूनबी टाकला. तिसऱ्या दिवशी त्या घरची पोटुशी लेक एसटीनं आली आन् शेडात पाळणा हुडकत फिरली. अक्का अजून तिचं तोंड इसरली न्हाय. या नादात माझ्या किती खेपा रिकाम्या गेल्या, ते मलाच म्हाईत.

तर गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावातला बसवराज नावाचा माणूस सोलापूरला राहायला निघाला होता. आई इरम्मा वरीस झालं वारलेली, घर पाडायचं ठरलेलं. अक्कानं इचारलं, "लेक?"

"मला बहीण न्हाय," बसवराज म्हणला.

दारात दोन-चार बाया उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या. म्या बघितलं, पण मला काय, गाडी भरायची होती. दारं निघाली, झोपाळा निघाला. धान्याच्या बळदात, जुन्या गोधड्यांच्या खाली, तांब्याचं एक मोठं घंगाळ निघालं. बसवराजलाबी ठावं न्हवतं. "आईनं ठेवलं आसंल. न्या," म्हणला.

चार दिवसांनी दीपाली मॅडम आल्या. पुण्याजवळ त्यांनी शेतावर घर बांधलंय. बाई बोलायला गोड, नजर चांगली. बसवराजच्या घरातला सगळाच माल त्यांनी पसंत केला, आन् घंगाळावर तर जीवच जडला. दाराशी ठेवून त्यात कमळ सोडायचं म्हणल्या. माल पुण्याला पोचवायचं भाडं माझं ठरलं. मी तर ताडपत्री, दोऱ्या, सगळं घेऊन तयार होतो.

अक्काची रीत अशी की, माल देताना स्वतः ओल्या फडक्यानं पुसून द्यायचा. घंगाळ पुसता पुसता तिचा हात काठाखाली थांबला.

आमच्याकडं लेकीला भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालायची रीत हाय. बाजारात एक माणूस खिळा-हातोडी घेऊन बसतो आन् ठिपक्या-ठिपक्यानं नाव ठोकून देतो. तसलं नाव होतं. अक्काला मराठी वाचायला येळ लागतो, म्हणून तिनं मला बोलावलं. म्या वाचलं: 'सौ. भुवनेश्वरी लिंबाजी हिस आईकडून. २००४.'

अक्कानं घंगाळाच्या आत बोट फिरवलं. "आपल्या पाण्याला खार किती. चार महिने वापरलं तरी आत पांढरी रेघ धरती," ती म्हणली. "ह्यात रेघच न्हाय. हे वापरलं न्हाय. ज्ञानोबा, हे लेकीला दिलंच न्हाय कुणी. गाडीत चढवू नको."

मॅडमना तिनं सरळ सांगितलं, हे इकायचं न्हाय, ज्याचं त्याला द्यायचं हाय. मॅडम म्हणल्या, "मावशी, बाकीचं सगळं मी याच्याभोवतीच मांडणार होते. हे नसेल तर मला काहीच नको." पैसे वाढवून देते म्हणल्या. अक्का म्हणली, "मग काईच नेऊ नका, मॅडम. चहा तेवढा घेऊन जा." मॅडमनी चहा घेतला न्हाय. एवढं गिऱ्हाईक, अख्ख्या घराचा माल आन् माझं पुण्याचं भाडं, सगळं धूळ उडवत निघून गेलं.

म्या तोंड सोडलं. म्हणलं, अक्का, तुमाला धंदा करायचाय का धर्मशाळा काढायचीय? कोण ती भुवनेश्वरी, जिती हाय का न्हाय, ठावं तरी हाय का? अक्कानं माझं सगळं ऐकून घेतलं आन् बसवराजला फोन लावला. मी शेजारीच होतो, ऐकू येत होतं.

"लिंबाजी कोण?" अक्कानं इचारलं.

 तो म्हणला, "आमच्या घरात ते नाव घेत न्हाईत," आन् फोन कापला.

पत्ता त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या बायांतल्या एका शेजारणीनं सांगितला. भुवनेश्वरीनं दोन हजार दोन साली धनगराच्या लिंबाजीशी लग्न केलं, घरच्यांनी संबंध तोडला, ती ढोकीला हाय, नवरा उसाचा ट्रॅक्टर चालवतो. अक्का म्हणली, "चल ढोकीला. डिझेल माझं." शंभरेक किलोमीटर. मी तोंड फुगवूनच निघालो, तुळजापूर येईस्तोवर एक शब्द बोललो न्हाय. तिला त्याची फिकीर न्हवती. घंगाळ तिनं मागं ठेवूच दिलं न्हवतं, पुढं मांडीवर घेऊन बसली होती.

भुवनेश्वरी दारातच ज्वारी पाखडत होती. पंचेचाळिशीची बाई, हातावर कोंडा-धूळ. अक्कानं बसवराजचं नाव काढताच तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या घरातलं काईबी मला नको," ती म्हणली. "आई मेली तर सांगावा धाडला न्हाय. महिन्यानं मला बाजारात कळलं. वापस न्या ते."

मला वाटलं, आता अक्का समजूत घालणार. पण ती म्हणली, "नको तर नको, बाळ. मी जबरदस्ती करणार न्हाय. एकदा वाच, आन् तुझ्या मालकालाबी बोलव. त्यांचं नाव हाय यावर."

"ह्यांचं?"

लिंबाजी ट्रॅक्टरखालून उठून आला. हात ग्रीसनं काळे झालेले, म्हणून तो भांड्याला शिवेना, लांबूनच वाकून वाचायला लागला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग बायकोकडं बघितलं.

भुवनेश्वरी खाली बसली आन् ठिपक्यांवरून बोट फिरवायला लागली. आधी स्वतःच्या नावावरून, मग नवऱ्याच्या. माझाबी राग कुठं गेला कुणास ठाऊक, डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

"आईला अक्षर येत न्हवतं," भुवनेश्वरी म्हणली.

अक्का तिच्या शेजारी भुईवर टेकली.

"तिला लिहिता येत न्हवतं, मावशी. म्हंजी हे नाव तिनं ठोकणाऱ्याला तोंडानं सांगितलं. बाजारात बसून, चार लोकांत. घरात तर हे नाव घेतलं की दादा ताट फेकायचा."

लिंबाजीनं पाठ फिरवली. पाण्याच्या टाकीपाशी गेला, कोपरापर्यंत हात घासून धुतले, लई येळ धुतले. मग येऊन त्यानं दोन्ही हातांनी घंगाळ उचललं आन् छातीशी धरलं.

"म्हंजी मी जावई होतो त्यांचा," तो म्हणला.