चाळीस सुंदर पैठण्या

पैठणीच्या दुकानाची वेबसाइट मी द्वारका चौकाजवळच्या माझ्या छोट्या ऑफिसात बनवली, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. दृष्टी नसलेल्यांनाही ती वापरता यावी म्हणून प्रत्येक फोटोमागे मी दोन शब्द लिहिले होते. फोन ते वाचून दाखवतो. तपासायला नांदगावहून मावशीला बोलावलं. मावशीची नजर पस्तिशीत गेली, जीभ मात्र शाबूत आहे.

पुढच्याच महिन्यात तिच्या लेकीचं लग्न होतं आणि लेकीची पैठणी मावशीला स्वतः निवडायची होती. इतकी वर्षं तिच्या अंगावरची साडीसुद्धा दुसऱ्यांनी निवडलेली. दुकानदार तिच्याशी बोलायचेच नाहीत; सोबत आलेल्याला विचारायचे, यांना काय दाखवू?

फोन बोलू लागला. सुंदर पैठणी. सुंदर पैठणी. सुंदर पैठणी. एकदा लिहून चाळीस ठिकाणी चिकटवण्याचं शहाणपण माझंच. बाराव्या पैठणीला हसता हसता मावशीला ठसका लागला.

"सुंदर हाय का नाय ते मी ठरवीन," ती म्हणाली. "तू फक्त काय हाय ते सांग."

मी ओशाळले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात मांडी ठोकून बसले. मालकीणबाई साडी उलगडायच्या, मी लिहायचे: काठ नारळी, चार बोटं रुंद, पदरावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेले मोर, अंगभर बारीक बुट्टे. जुने रंग मावशीला पाठ होते. 'ऑनियन पिंक' मात्र तिच्या वेळी नव्हता. तिथे 'कांद्याच्या आतल्या सालीचा रंग' असं लिहिलं.

सगळं वेबसाइटवर चढल्यावर मावशी माझ्या घरी फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आली ती ऑर्डर देऊनच. नेमका तोच कांद्याचा रंग, जांभळ्या काठाचा. मला तो मुळीच आवडला नव्हता. लाल जास्त उठून दिसली असती, असं मी बोलून गेले.

"तुला विचारलं का?" मावशी म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली.

लग्नात नवरीची पैठणी सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. एका काकूंनी पदर हातात घेऊन, शेजारी बसलेल्या मावशीला ओलांडून, सवयीप्रमाणे मलाच विचारलं, कोणी निवडली गं? माझ्या तोंडात अख्खी जिलबी होती.

"मी," मावशी म्हणाली.