इंझोरीहून आलेली खुर्ची

मंगरूळपीरला आमची एक लहानशी संस्था आहे. घरात आजारी माणूस असला की आम्ही खाट, वॉकर, चाकाची खुर्ची फुकट वापरायला देतो. गरज संपली की लोक परत आणून देतात. संस्था सुरू केली एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी, बायकोच्या लांबलेल्या दुखण्यानंतर. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कोणती वस्तू कुठं आहे हे रजिस्टरांतून सापडेना, तेव्हा कार्यकारिणीनं मला वेब ॲप बनवायला सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काका जुनी पानं वाचायचे, मी टाइप करायची. 'परत आली' असं वाचताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. वस्तू परत यायची ती माणूस बरा होऊन चालू लागला म्हणून, नाहीतर गेला म्हणून. बहुतेकांचं काय झालं, ते काकांना आठवायचं.

इंझोरी गावात दिलेली एक खुर्ची मात्र आलीच नव्हती. फोन लागेना, म्हणून आम्ही दोघं माझ्या स्कूटीवर गेलो. घरी एक बाई एकटीच होती. तिचा मुलगा ऊसतोडीला गेला असताना ट्रॉलीवरून पडला होता, कमरेखालचं अंग गेलं होतं. त्याच्यासाठी खुर्ची नेलेली. ती दारापाशीच उभी होती, पुसून लख्ख केलेली, बाहेर रस्त्याकडे तोंड करून.

"तो गेला, भाऊ," बाई म्हणाली. "न्या तुमची खुर्ची. पन आज नोको."

"आमी खुर्चीसाठी नाई आलो, बाई," काका म्हणाले. "तुमाले वाटन तवा सांगा."

निघताना मी तिचा नवा नंबर घेतला. घरी आल्यावर ॲपमध्ये परतीची तारीख काही महिने पुढं ढकलली.

पुढं ॲप सुरू झालं. मुदत संपली की आपोआप मेसेज जावा, असं बैठकीत ठरलं. काका म्हणाले, "मेसेज कायले? आपन फोन करत जाऊ ना."

"किती जनांले फोन करसान, काका?" सचिव म्हणाले, आणि विषय संपला.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी कार्यालयासमोर ऑटो थांबला. टपावर खुर्ची बांधलेली. ती बाई उतरली.

"मेसेज आला म्हून आनली, भाऊ. शेजारच्या पोरीनं वाचून दाखोला. लई उशीर झाला म्हने."

काका उठून उभेच राहिले. "वापस न्या, बाई. तो मेसेज मशीननं धाडला, आमी नाई."

"नाई भाऊ. ते जागा सारवली म्या आज."

काकांनी तिला बसवलं, चहा मागवला. चहा येतो न येतो तोच एक माणूस वडिलांसाठी खुर्ची मागायला आला. दुसरी एकही शिल्लक नव्हती. काकांनी बाईकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "उद्या या."

तिनं कप खाली ठेवला. "उद्या काहून? हे हाय ना."

ती उठली आणि त्या माणसाला दाखवू लागली. "डाव्या चाकाचा ब्रेक जोरानं दाबा लागते. अन् उतारावर तोंडानं नोका नेऊ, उलटी उतरवा. माह्या पोराले लई भेव वाटे."

माणूस खुर्ची घेऊन गेला. मी स्क्रीनवर आधी 'परत आली' आणि मग 'दिली' असं नोंदवलं. दोन्हींवर एकच तारीख पडली. काका तिला बसस्टँडवर सोडायला गेले. खिडकीतून दोघं जाताना दिसत होते.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, हे मेसेज बंद करू या. कुणी तयार झालं नाही. मेसेजमुळं अडकलेल्या कितीतरी वस्तू परत यायला लागल्यात, असं सगळे म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. काका त्या बैठकीला आले नव्हते. नंतरही फारसे येईनात. फोन करून बोलावलं की म्हणतात, "चालू हाये ना तुमचं बराबर? मंग झालं."