रेडिएटरमधली हळद

आमच्या गाडीतलं कूलंट आठवड्याला अर्धा लिटर नाहीसं होत होतं आणि खाली एक थेंब सापडत नव्हता. गाडी सोळा वर्षांची. दोन दिवस पार्किंगमध्ये तिच्याखाली पुठ्ठा पसरून ठेवला. मांजराच्या पावलांशिवाय त्यावर काही उमटलं नाही. मग नेटवर वाचून गळती बंद करणारं औषध मागवलं आणि रेडिएटरमध्ये ओतलं. फरक दिसेना म्हणून दुसरी बाटलीही ओतली. एकच बाटली टाका, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. त्यानंतर काही आठवडे बरे गेले आणि मी ते विसरून गेले.

कागदोपत्री गाडी नवऱ्याची, पण तो जहाजावर असतो. चालवायचे माझे सासरे. आबा साताऱ्याकडचे. तीस वर्षं त्यांनी मार्केटात कांद्या-बटाट्याचा टेंपो चालवला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी नेरूळमधून आपल्या दोन मित्रांना घ्यायचे आणि खारघरच्या बागेत न्यायचे. मित्र दोघेही मार्केटातले जुने हमाल. त्या तिघांत आबांचा शब्द चालायचा, कारण गाडी आबांची होती.

वर्षभरात त्यांनी सोसायटीच्या गेटचा खांब दोनदा घासला आणि एका बाईच्या स्कूटरला धक्का दिला. नवरा फोनवर म्हणायचा, "किल्ली काढून घे त्यांच्याकडून." मी म्हणायचे, "तू सांग की." "माझं ऐकणारेत का ते? तिथे तू आहेस." हे वर्षभर चाललं. बेलापूरच्या ऑफिसला मी दोन बस बदलून जात होते. गाडी मला हवी होती, हेही सांगून टाकते.

एका संध्याकाळी खारघरहून परतताना तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. तिघा म्हाताऱ्यांनी पिण्याचं पाणी ओतत गाडी कशीबशी घरी आणली. रविवारी मी ती शिरवण्यातल्या मिस्त्रीकडे न्यायला काढली, तर आबा पुढे बसले आणि वाटेत दोघा मित्रांनाही घ्यायला लावलं.

मिस्त्री तिथलाच, गावातला. इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

"मॅडम, यो कूलंट न्हाय, यो कालवन हाय. हलद कोनी टाकली?"

"म्या टाकली," आबा म्हणाले. चक्क अभिमानाने. "खंबाटकीच्या घाटात टेंपोचा रेडिएटर गळाय लागला की हळदीची पुडी सोडायची. थेट मुंबई गाठायची गाडी."

"आजोबा, त्यो टेंपो व्हता. याच्या नल्या बगा, सुतलीवानी. आता टाकलीच हाय तं मीठ-मिरची पन टाका, पावनं बोलवू जेवाला."

पहिल्यांदा हसले ते मित्रच. "तरीच म्हनलं, मागं बसलं की वरणाचा वास कुटनं येतोय!" दुसरा मला म्हणाला, "सूनबाई, वाढा आता." आबाही इकडेतिकडे बघत थोडं हसले.

मी हसले नाही. "आबा, दोन माणसं मागे बसवून तुम्ही उकळती गाडी हायवेवर चालवत होता. यांना काही झालं असतं तर यांच्या घरी जाऊन मी काय सांगणार होते? आमच्या सासऱ्यांनी हळद टाकली होती, म्हणून?"

मी आबांपुढे हात केला.

"किल्ली द्या."

"गाडी हितंच ऱ्हानार न्हवं? किल्ली मिस्त्रीला दिलीस की तू."

"दुसरी. तुमच्या खिशातली."

"घरी गेल्यावं देतो की."

"इथेच द्या."

त्यांनी आधी एक खिसा चाचपला, मग दुसरा. किल्ली निघाली ती सदऱ्याच्या आतल्या खिशातून. मित्र दोघेही जुन्या टायरांच्या ढिगाकडे बघत उभे होते. घरी घेतली असती तर आठ दिवसांत आबांनी ती परत मागितली असती. मित्रांच्या देखत काढून घेतलेली किल्ली त्यांना परत मागता येणार नव्हती. म्हणून मी तिथेच मागितली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर एकटी गेले. मिस्त्रीला गळती सापडली होती. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून त्याने हवा भरली, तर इंजिनाच्या मागच्या अंगाला वॉटर पंपातून बारीक धार सुटली. एरवी ती इंजिन तापून दाब चढल्यावरच सुटायची आणि खाली पोचायच्या आतच वाळून जायची. माझा पुठ्ठा कोरडा राहिला तो यामुळे. पंप नवा बसवला होता. मग त्याने कापून उघडलेला रेडिएटर पुढे ओढला. नळ्यांत राखाडी लगदा घट्ट बसला होता आणि त्यात चमचमणारे बारीक कण होते.

"ही हलद न्हाय, मॅडम. हलदीनं नुस्ता रंग लावलाय. गाडी तापली ती यानं. गलती बंद करनारा बाटलीतला माल हाय हा, सगल्या नल्या लिंपल्यान. यो पन आजोबांनी टाकला?"

"नवीन रेडिएटर बसवा," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे आजोबांचं काय चुकलं नव्हतं."

"त्यांना सांगायची गरज नाही."

"मना काय करायचंय? तुमच्या घरचा मामला."

बुधवारी गाडी घरी आली. जेवताना आबांनी ताटाकडे बघत विचारलं, "हळदीनंच झालं का गं?"

"हो."

"मंग बराबर हाय तुजं. त्या दोघांना भाजलं असतं." आणि थोड्या वेळाने, "मला कळाय पायजे हुतं."

तेव्हा सांगता आलं असतं. घाई कसलीच नव्हती. मला गेटचा खांब आठवला, स्कूटरवाली बाई आठवली. खरं तर बस आधी आठवली. मी त्यांना आणखी अर्धी भाकरी वाढली.

याला चार महिने झाले. मी रोज गाडीने बेलापूरला जाते आणि काटा मध्यावरून हलत नाही. बागेत जायचं म्हणून मित्रांचे फोन अजून येतात. शनिवारी मी घरी असते तेव्हा आबांचं बोलणं ऐकू येतं. ते गॅलरीत उभे राहून मोठ्याने बोलतात.

"न्हाय रं, अजून मिस्त्रीकडंच हाय. पार्ट मिळंना म्हनत्यात. जुनी गाडी, येळ लागायचाच. नीट झाली की सून देनारच हाय किल्ली." पलीकडून काहीतरी विचारलं जातं आणि आबा कसनुसं हसतात. "हां, हां. हळद न्हाय टाकनार आता."

गाडी गॅलरीच्या बरोबर खाली उभी असते. फोन संपला की मी आतून त्यांना चहाला हाक मारते.