मत्रहच्या गल्लीचा जाणकार

ओमानमधल्या मत्रहच्या जुन्या बाजारात, अत्तरांच्या दुकानांमागे एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या कापडाच्या दुकानात बसणारे रत्नागिरीकडचे एक चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला त्या गल्लीचा इतिहास सांगतात. मी दर शनिवारी जातो आणि ऐकतो, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही. जो कोरीव दरवाजा गेल्या महिन्यात झांजिबारहून जहाजाने आला होता, तोच या महिन्यात कच्छी सुतारांनी इथेच घडवलेला असतो. टोकलं की टोपी मागे सारून म्हणतात, "दोन्ही खरं, भाऊ."

परवा काठी टेकत एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांचं या गल्लीत खजुराचं दुकान होतं, पण आता त्यांना जागा ओळखू येत नव्हती. चाचांनी त्यांचा हात धरला, पावलं मोजत नेलं आणि एका भिंतीपाशी थांबून अरबीत म्हणाले, "हिना." इथेच. गृहस्थांनी भिंतीला तळवा लावला, मग कपाळ टेकलं. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते.

ते गेल्यावर मी विचारलं, "चाचा, खरंच तिथेच होतं दुकान?"

"मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा ही भिंतच होती."

"मग सांगितलंत कसं?"

"एवढ्या उन्हात आला होता बिचारा. कुठेतरी पोचवायला नको?"

चाचांचं मी आता काहीच खरं मानत नाही. पण त्या भिंतीला टेकून उभं राहायला मात्र मन धजत नाही.