पेंढ्याचं रेडकू

रिकाम्या चरवीच्या बुडावर दुधाची पहिली धार आदळते, तेव्हा एक कोरडा, किणकिणता नाद उठतो. दूध चढत जातं तसा तो नाद भरदार होत जातो, त्यावर फेस धरतो आणि शेवटी नुसती मऊ फसफस उरते. आईच्या हातचा हा नाद मी अंथरुणातूनच ओळखत असे. उजवी धार, डावी धार, पुन्हा उजवी. दोन्ही सारख्या वजनाच्या, एकाच ओवीच्या दोन चरणांसारख्या. आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात सकाळ उजाडायची ती या लयीत, आणि मला वाटायचं की साऱ्या जगाची सकाळ अशीच उजाडत असणार. लहानपणी माणूस आपल्या गोठ्यावरून किती सहजपणे सृष्टीचे नियम ठरवून टाकतो, नाही का?

पुढे मी शिकले, सांगलीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले आणि दोन खोल्यांचं बिऱ्हाड करून राहिले. बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी चरवी घेऊन निघालेली आई गोठ्याच्या दारातच कलली. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे असंच म्हणतात. शहरातली माणसं अर्धांगवायू म्हणतात, म्हणजे वायू काही सुटला नाहीच. नुसतं त्याला शिकवून-सवरून शहरात आणलं इतकंच. मला मात्र हा शब्द फार खरा वाटतो. वारं येतं कुठून आणि जातं कुठं हे कुणाला दिसत नाही. दिसतं ते वाकलेलं झाड. आईचा पाय ओढत का होईना चालू लागला, वाचा शाबूत राहिली, पण डावा हात मांडीवर पडून राही. तिच्याच अंगावरचा तो हात तिला परका झाला होता. उजव्या हातानं ती तो उचलायची, पदराखाली ठेवायची आणि कुणी आलं की पदर आणखी ओढून घ्यायची.

एखादीनं म्हटलं असतं, एक हात तर आहे ना! पण आमच्या राधीला हे मान्य नव्हतं. राधी म्हणजे आमची म्हैस; आईशिवाय कुणालाही कासेला हात लावू न देणारी मानिनी. माझी वहिनी कामाला वाघीण, पण राधीनं तिला दोनदा लाथाडलं आणि चरवी पार गव्हाणीत भिरकावली. मग आई स्वतःच जाऊन बसली. डाव्या गुडघ्यात बळ नसल्यानं चरवी निसटायची. एका हाताची एकच धार, तीही थांबत थांबत. राधी थोडा वेळ उभी राहायची, मान वळवून पाहायची आणि पान्हा चोरायची. कासेत दूध तसंच राहिलं की म्हैस आटू लागते. दादा वाईट नव्हता, तो एवढंच म्हणाला, "आई, जनावर आटण्याआदी बाजार दावला पायजे." राधी गेली तर घरातलं आपलं कामच गेलं, आणि काम गेलं की आपण भाकरीला आलेलं माणूस झालो, हे आईच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. मी दादाकडून मुदत मागून घेतली आणि आईला सांगलीला आणलं.

तिथल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला विजेच्या उपचारांची खोली होती. ओल्या फडक्यांचा, रबराचा आणि तापलेल्या लाकडी पेटीचा मिळून एक वास तिथं कायम भरलेला असे. छताला दोरीची कप्पी, भिंतीवर हातानं फिरवायचं मोठं चाक, आणि मेजावर ती पेटी; पितळी खुंट्यांची, मंद गुणगुणणारी. ती चालवणारे गृहस्थ जतकडचे. फौजेच्या इस्पितळात लढाईतल्या जखमी जवानांचे हातपाय हलते करण्याचं काम ते शिकून आले होते, म्हणून सगळे त्यांना हवालदार म्हणत. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या त्यांनी आईच्या दंडाला नि मनगटाखाली बांधल्या आणि खुंटी फिरवली. महिनोन्महिने निपचित पडलेली आईची बोटं डोळ्यांदेखत मिटली. मी आनंदानं उठून उभीच राहिले. आई मात्र त्या बोटांकडे असं पाहत होती, जसं परक्याच्या मुलाकडे पाहावं.

"आक्का, ईज आली की तुमीबी संगट मूठ वळायची. मनानं जोर लावायचा," हवालदार म्हणाले.

"मी कशाला लावू? ती वळतीया की तुमची ईज," आई म्हणाली. घरी येताना रिक्षात तिनं वाक्य पुरं केलं. "वाऱ्यानं न्हेलं, ते ईज कशी आणंल गं शालन? बोट माजं, पर हलीवणारं दुसरंच कोण. असल्या हाताचं मी काय करू?"

मी शाळामास्तरीण, मुलींना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवणारी. पण क्रियापदाचा कर्ता कोण, या प्रश्नानं कुणाचा जीव असा कासावीस होऊ शकतो, हे मला त्या रिक्षात प्रथम कळलं. आपल्या हालचाली आपल्या असतात, हे आपण किती गृहीत धरून चालतो! कपाळावरचा केस मागे सारणारा हात, दाराची कडी काढणारी बोटं. ती आपण हलवतो की ती आपोआप हलतात, हे विचारायची वेळ कधी येत नाही. आईवर ती आली होती. आणि उत्तर मिळेना म्हणून ती रुसली होती. पुढचे काही दिवस ती दवाखान्यात आली खरी, पण लस टोचून घ्यायला आल्यासारखी. हात पुढे करायची आणि तोंड खिडकीकडे. पेटी गुणगुणायची, मूठ वळायची, पेटी थांबली की मूठ पुन्हा मेल्यासारखी. हवालदार समजावून थकले. मी चिडले, मग रडले. दोन्हींचा उपयोग सारखाच झाला.

अशात वहिनी एस्टीनं भेटायला आली. चहा पिता पिता तिनं खाली मान घालून सांगितलं, "पाय बांधून कशीबशी पिळतोय आमी, पर राधी दुधाला लय कमी आलीया. येत्या बाजाराला न्ह्यायचं म्हणत्यात." आईनं चहाची बशी खाली ठेवली. सारी दुपार ती खिडकीशी बसून होती. उन्हं कलल्यावर एकदम म्हणाली, "शालन, ते पेंढ्याचं रेडकू आठवतंय का तुला?"

आठवत होतं. राधीचं पहिलंच रेडकू चार दिवसांत गेलं होतं. रेडकानं चार ढुशा दिल्याशिवाय म्हशीला पान्हा फुटत नाही. म्हणून आईनं मेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि ते बाहुलं राधीपुढं उभं केलं. राधी ते चाटत राहायची आणि कास भरून यायची. मी तेव्हा कॉलेजात नुकती गेलेली, तत्त्वांनी टच्च भरलेली. मुक्या जनावराची ही फसवणूक मला सहन झाली नव्हती आणि मी तसं ठणकावून सांगितलंही होतं. पान्हा हा शब्द तर मला फार पवित्र वाटायचा. प्रस्नव या जड संस्कृत बाईची ही आमच्या घरात नांदणारी लाडकी लेक. तो पेंढ्याला कसा फुटतो?

"तवा तू मला लबाड म्हणलीस," आई म्हणाली. राग नव्हता, उलट पुष्कळ दिवसांनी तिच्या आवाजात खट्याळपणा आला होता. "रेडकू खोटं व्हतं, पर दूध कुटं खोटं व्हतं? दूध तिचंच की. ते निस्तं आठवण द्याया उभं केल्यालं."

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरताच तिनं हात पुढे केला आणि या वेळी तोंडही वळवलं नाही. "लावा हवालदार तुमचं पेंढ्याचं रेडकू," ती म्हणाली. हवालदारांचं लहानपण मेंढरांच्या कळपात गेलेलं; त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. ते पोट धरून हसले आणि त्या दिवसापासून त्या गंभीर पेटीचं नाव रेडकू पडलं ते पडलंच. वीज यायची, मूठ वळायची, आणि आई तिच्यासोबत ओठ मुडपून, कपाळावरच्या शिरा फुगवून जोर लावायची. दादाला मी निरोप धाडला, एवढा बाजार जाऊ दे.

मग एक दिवस तिनं स्वतःच सांगितलं. "आता रेडकू बाजूला घ्या. बघू फुटतोय का पान्हा."

हवालदारांनी खुंटी फिरवली. गुणगुण थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की ओल्या पट्टीतून थेंब पडलेला ऐकू आला. आईनं डोळे मिटले होते. बराच वेळ काही घडलं नाही. आणि मग तर्जनी थरथरली. गव्हाच्या दाण्याएवढी हलली, थांबली, पुन्हा हलली. तिच्यामागून मधलं बोट आलं. हवालदार हळूच म्हणाले, "आक्का, ही तुमची." आईनं डोळे उघडले, उजव्या हातानं पट्ट्या काढल्या आणि तो डावा हात पदराबाहेर, सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला. मी तिथंच रडले. तिनं मला रडू दिलं.

हात पूर्वीसारखा झाला नाही. तसं कुणी वचन दिलंही नव्हतं. मूठ वळायची, पण सावकाश. पकड यायची, पण ओझरती. तेवढ्यावर आम्ही मळ्यात परतलो. दुसऱ्या सकाळी आई चरवी घेऊन गोठ्यात गेली. वहिनी सोबत निघाली, तिला तिनं दारातच थांबवलं. मी अंथरुणात पडून कान देत होते. लहानपणीसारखी, पण लहानपणीचा निर्धास्तपणा कुठून आणणार? आधी ओळखीची उजवी धार आली, ठणठणीत. मग काहीच नाही. मग पुन्हा उजवी.

राधीला तो हात पूर्वीचा नाही हे कळलं नसेल का? कासेवरच्या स्पर्शाला कुणी फसवू शकतं? मला आता वाटतं, तिला पेंढ्याचं रेडकूही कळलं होतं. सगळं कळून ती उभी राहिली होती, कारण समोर जे होतं त्यात तिच्या रेडकाचा थोडासा वास उरला होता. आणि तेवढा तिला पुरला होता. त्या सकाळीही ती लाथ न झाडता उभी राहिली. गोठ्यातून आईचा हलका आवाज आला, "थांब गं बाय, येतुया त्यो बी."

आणि चरवीच्या कडेला, बारीक, वाकडी, दोऱ्याएवढी डावी धार वाजली.

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिची ती जुनी, तोलाची लय आता प्रयत्न करूनही मला नीट आठवत नाही. कानात राहिली आहे ती ही: एक ठाम धार, मग वाट पाहणं, आणि मग ती दुसरी.